‘हायली इन्फ्लेमेबल’ : एका उपसर्गाचं प्रकरण

महाराष्ट्रातल्या महामार्गांवर पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आढळतं. तसल्याच टँकरवर अमेरिकेत ‘फ्लेमेबल’ लिहितात. दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं. इंग्रजी शिकणारं पोर इथे हमखास अडखळतं, आणि त्याचं अडखळणं रास्त आहे. ‘इन’ लागला की अर्थ उलटा होतो, हे आपणच त्याच्याकडून घोकून घेतलेलं असतं. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल, ॲक्टिव्ह-इनॲक्टिव्ह. मग ही एकच जोडी समानार्थी कशी?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शब्दसंपदा शिकवते. बहुतेक जण मराठी माध्यमातले. हजारो सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा लॅटिन धातू आणि उपसर्ग यांच्या आधाराने शब्द उलगडायला शिकावं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यासाठीच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं. शब्दाचा उपसर्ग चुकीचा वाचला गेला तर माणसं जळून मरतील, अशी भीती आगीशी रोज सामना करणाऱ्यांना वाटली आणि त्यांनी चक्क शब्द बदलायला लावला, असं इंग्रजीत क्वचितच घडलंय.

आधी मूळ शब्द पाहू. लॅटिनमध्ये ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाळा. त्याला ‘आत, मध्ये’ या अर्थाचा ‘इन’ लागून ‘इन्फ्लामारे’ हे क्रियापद झालं, म्हणजे पेटवणं, आग लावणं. त्यावरून इंग्रजीत ‘इन्फ्लेम’ आलं. त्याला ‘-एबल’ हा प्रत्यय लागला की झालं ‘इन्फ्लेमेबल’, पेटवता येण्याजोगं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजीत हा शब्द बिनतक्रार चालत आला. ‘फ्लेमेबल’ मात्र धाकटा. तो लॅटिनच्या ‘फ्लामारे’ या बिनउपसर्गाच्या क्रियापदावरून घडवलेला आणि छापील इंग्रजीत १८१३ च्या सुमारास दिसतो. पुढची शंभर वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही.

गडबड अशी की लॅटिनमध्ये ‘इन’ हे दोन वेगळे उपसर्ग आहेत. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उच्चार तेवढा एक झाला. नकाराचा ‘इन’ हा आपल्या संस्कृतातल्या ‘अ’, ‘अन्’चा सख्खा भाऊ. अनंत, अनुचित, अनादर यांतला ‘अन्’, ग्रीकमधला ‘अन’ आणि इंग्रजीच्या ‘अनहॅपी’मधला ‘अन’ ही सगळी एकाच मुळाची फळं. दुसरा ‘इन’ मात्र स्थळ आणि दिशा दाखवणारा, इंग्रजीत रोज वापरतो त्या ‘इन’च्या कुळातला. इन्हेल म्हणजे श्वास आत घेणं, इंजेक्ट म्हणजे आत टोचणं, इन्स्क्राइब म्हणजे आत कोरणं.

त्यात भर अशी की पुढच्या अक्षराप्रमाणे दोघेही सारखंच रूप पालटतात. ‘उत्’ आणि ‘लेख’ यांचा ‘उल्लेख’ होतो, तसाच ‘ल’च्या आधी ‘इन’चा ‘इल’ होतो. ‘इल्लीगल’मध्ये नकार आहे, ‘इल्युमिनेट’मध्ये प्रकाश आत सोडणं आहे. ‘इम्पॉसिबल’मध्ये नकार, ‘इम्पोर्ट’मध्ये माल आत आणणं. ‘इर्रेग्युलर’मध्ये नकार, आणि पाटबंधारे खात्याला आपण सर्रास ज्या नावाने ओळखतो त्या ‘इरिगेशन’मध्ये पाणी शेतात सोडणं. म्हणजे नुसत्या रूपावरून ओळखायची सोय नाही. ‘इन, इल, इम, इर : नाही’ अशी एकच ओळ छापणारे तक्ते बाजारात ढिगाने मिळतात. ती ओळ अर्धीच आहे.

मराठी मुलांना हे समजावताना मला ‘वि’ फार उपयोगी पडतो. विफल म्हणजे फळ नसलेलं, विसंगत म्हणजे संगती नसलेलं. पण विशुद्ध म्हणजे अशुद्ध नव्हे, आणि विख्यात माणूस अप्रसिद्ध नसतो. विनाश म्हणजे नाशाचा अभाव असं कुणी म्हणणार नाही. इथे उपसर्ग एकच आहे आणि त्याच्या अर्थाला दोन फाटे फुटलेत. लॅटिनमध्ये मुळातच दोन उपसर्ग होते. वाचणाऱ्याची अडचण मात्र तीच. मराठीत आपण अडखळत नाही, कारण हे शब्द आपण अख्खे ऐकत मोठे झालो, तोडून शिकलो नाही.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचंही ‘इन्फ्लेमेबल’च्या बाबतीत तीनशे वर्षं असंच चाललं होतं. मग विसाव्या शतकात अचानक काय बिघडलं? शब्द तोच राहिला, तो वाचणारी माणसं आणि जागा बदलल्या. पूर्वी हा शब्द रसायनशास्त्राच्या ग्रंथांत असे आणि वाचणाऱ्याला बहुधा थोडंफार लॅटिन येत असे. मोटारी आल्या, तसं पेट्रोल गावोगावी पोचलं. सेल्युलॉइड आलं, रंग आणि वार्निशाची द्रावणं कारखान्यांत पिंपांनी साठू लागली. त्या पिंपांवर रंगवलेला शब्द आता वाचणार होता हमाल, ड्रायव्हर, गोदामाचा रखवालदार. अमेरिकेत त्यातले कितीतरी जण नुकतेच परदेशातून आलेले. या वाचकाने ‘इन’ म्हणजे ‘नाही’ एवढंच धरलं, तर पिंपावरची धोक्याची सूचना त्याच्या लेखी अभयपत्र ठरणार. ‘हे पेटत नाही, विडी ओढायला हरकत नाही.’

अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने, म्हणजे १८९६ साली स्थापन झालेल्या अग्निसुरक्षेच्या संस्थेने, १९२० च्या दशकात आग्रह धरला की सूचनाफलकांवर ‘इन्फ्लेमेबल’ नको, ‘फ्लेमेबल’ लिहा. आग विमा कंपन्याही त्याच बाजूच्या होत्या; आग लागली की भरपाई त्यांच्याच खिशातून जायची.

त्याच काळात, त्याच धंद्यात बेंजामिन ली वोर्फ नावाचा माणूस होता. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्या कारणासाठी ठाऊक असतं. भाषा माणसाच्या विचाराला वळण लावते, या मताशी ते कायमचं जोडलं गेलंय. पण वोर्फचा पोटापाण्याचा व्यवसाय होता आगी का लागतात ते शोधण्याचा. रसायन अभियांत्रिकी शिकून १९१९ मध्ये तो हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत लागला आणि १९४१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. १९३९ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने आपल्या तपासण्यांतली उदाहरणं दिली आहेत. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात, पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. खरं तर रिकामं पिंप जास्त धोक्याचं, कारण त्यात स्फोटक वाफ कोंडलेली असते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीसएक अंशांनाही पेट घेते, मग उन्हात पडलेल्या पिंपाचं काय सांगावं! ‘रिकामं’ म्हटलं की मनात ‘काहीच नाही’ एवढंच येतं, आणि घात होतो.

त्याचं दुसरं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. लाकडाचं ऊर्ध्वपातन करणाऱ्या एका कारखान्यात धातूच्या भट्ट्यांभोवती चुनखडीपासून बनवलेल्या पदार्थाचं वेष्टन होतं. कारखान्यातली माणसं त्याला ‘कातलेली चुनखडी’ म्हणत. नावात दगड आहे, दगड काही जळत नाही, म्हणून आचेपासून त्याला जपायचं कुणाच्या मनातही आलं नाही. एकदा एका भट्टीखालची आग वेष्टनापर्यंत पोचली आणि ती ‘चुनखडी’ भडाभडा पेटली. भट्ट्यांतून निघणाऱ्या ॲसेटिक ॲसिडच्या वाफांनी चुनखडीचा काही भाग कॅल्शियम ॲसिटेट होऊन बसला होता. तो तापला की त्यातून ॲसिटोन हा चटकन पेट घेणारा पदार्थ निघतो. नाव वाचून माणसाने निर्णय घेतला होता. ‘इन्फ्लेमेबल’ची भीती याच जातीची होती, फरक एवढाच की इथे फसवणारा भाग शब्दाच्या पहिल्या अवयवात होता.

पर्याय काय काय होते? पहिला, जुना शब्द ठेवायचा आणि लोकांना त्याचा अर्थ शिकवायचा. दुसरा, त्याजागी ‘कम्बस्टिबल’ वापरायचा. पण अग्निसुरक्षेच्या परिभाषेत त्याला स्वतंत्र काम आहे. अमेरिकी नियमांत तुलनेने कमी तापमानालाच वाफ पेट घेते ती द्रव्यं फ्लेमेबल, आणि त्याहून जास्त तापावी लागतात ती कम्बस्टिबल. तिसरा, ज्याच्या पोटात ‘फ्लेम’ स्पष्ट दिसतो आणि ज्याच्या डोक्यावर संशयास्पद काहीच नाही असा धाकटा शब्द उचलायचा. त्यांनी तिसरा घेतला. विरुद्धार्थी शब्दासाठीही त्यांनी ‘नॉन’ निवडला. लॅटिनचा ‘नॉन’ नकाराशिवाय दुसरं काही सांगतच नाही, त्यामुळे ‘नॉनफ्लेमेबल’ वाचताना चुकायला जागा उरत नाही.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचलं नाही. जुना शब्द लॅटिनच्या नियमांनी नीट घडलेला, त्याचा दोष काय, असं त्यांचं म्हणणं. दोष खरंच नव्हता. पण टँकरमागून जाणाऱ्या माणसाकडे शब्द वाचायला दोन क्षण असतात, व्युत्पत्ती तपासायला नसतात. शब्द कितीही बरोबर असला तरी तो चुकीचा वाचला जात असेल, तर फलकावरून उतरवायलाच हवा. तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

हळूहळू कायद्यानेही तोच शब्द घेतला. १९४० च्या दशकात अमेरिकेत रेयॉनचे केसाळ स्वेटर आणि मुलांच्या काऊबॉय पोशाखांतले लोकरीसारखे तंतू ठिणगीने भडकून माणसं भाजली, मुलं दगावली. त्यानंतर १९५३ मध्ये तिथे जो कायदा झाला त्याचं नाव ‘फ्लेमेबल फॅब्रिक्स ॲक्ट’. ब्रिटनच्या मानक संस्थेनेही १९५९ मध्ये संदिग्धता टाळण्यासाठी ‘फ्लेमेबल’ आणि ‘नॉनफ्लेमेबल’ वापरण्याचं धोरण जाहीर केलं.

आपल्याकडे अमेरिकेच्या त्या कायद्याच्या बरोबर एक वर्ष आधी, १९५२ मध्ये, संसदेने ‘इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’ केला. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या व्याख्येतही ‘इन्फ्लेमेबल’च आहे. १९५२ च्या यादीत ॲसिटोन आहे, इथाइल आणि मिथाइल अल्कोहोल आहे, नायट्रोसेल्युलोजवरच्या सिनेमाच्या फिल्म आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशाच जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि पुन्हा कधी मिळणार नाहीत अशी चित्रं राख झाली, हे आठवलं की त्या यादीतली ती नोंद किती नेमकी होती ते कळतं. कॅल्शियम कार्बाइडही त्यात आहे, बंदी असूनही आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच. ते स्वतः जळत नाही, पण ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो जळतो. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं देशभराचं काम पाहणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

म्हणजे भारताने ब्रिटिश काळापासून चालत आलेली शब्दयोजना कायद्यात तशीच पुढे नेली, आणि आजही टँकरवर दोन्ही शब्द दिसतात. सुदैवाने आपले टँकर एकाच शब्दावर विसंबून नाहीत. हिंदीत ‘अति ज्वलनशील’ लिहिलेलं असतं, लाल चौकटीत ज्योतीचं चित्र असतं, पेट्रोल असेल तर १२०३ हा पदार्थ ओळखण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असतो. अपघात झाला की अग्निशमन दल आधी तो क्रमांक पाहतं. मराठीत तर प्रश्नच उद्भवत नाही. ‘ज्वालाग्राही पदार्थ सोबत बाळगू नका’ ही सूचना ऐकून अर्थ उलटा लावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

फ्रेंचमध्ये काय झालं, हे मात्र वर्गात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फ्रेंच टँकरवर आजही ‘इन्फ्लेमेबल’चंच फ्रेंच रूप लिहिलेलं असतं. आणि न पेटणाऱ्या वस्तूला ते ‘इनइन्फ्लेमेबल’ म्हणतात. आपले दोन्ही ‘इन’ इथे एकापुढे एक उभे आहेत, पहिला नकाराचा, दुसरा ‘आत’चा. मी फळ्यावर तो शब्द लिहिते आणि दोन ‘इन’ दोन रंगांच्या खडूने गिरवते. मागच्या बाकावरून एकदा एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, मग इंग्रजीत अनइन्फ्लेमेबल म्हटलं असतं तर?’’ प्रश्न अगदी योग्य होता. असा शब्द इंग्रजीत खरोखर होऊन गेला आहे. नकारासाठी ‘अन’ आणि आतला ‘इन’ तसाच. फक्त तो अग्निशमनवाल्यांच्या कामाचा नव्हता, कारण मुळातला ‘इन्फ्लेमेबल’ फलकावर उरलाच असता.

या प्रकरणातून विद्यार्थ्याच्या हाती एक चाचणी लागते. नकाराचा ‘इन’ बहुतेक वेळा तयार विशेषणाला लागतो. ‘व्हिजिबल’ आधी बनला, मग त्याला ‘इन’ लागला. ‘आत’चा ‘इन’ क्रियापदाला लागतो आणि ‘-एबल’ त्यानंतर येतो. ‘इन्फ्लेम’ आधी, मग ‘इन्फ्लेमेबल’. म्हणजे शब्द कुठे तोडायचा याचा क्रम महत्त्वाचा. शेवटचा ‘-एबल’ किंवा ‘-इबल’ झाकून ठेवा आणि उरलेलं क्रियापद इंग्रजीत आहे का ते पाहा. ‘इन्फ्लेम’ आहे. ‘इनव्हिज’ नाही. ‘इन्हेल’ आहे, म्हणून इन्हेलेबल म्हणजे श्वासातून आत घेता येणारं. ‘इन्हॅबिट’ म्हणजे वस्ती करणं, म्हणून इंग्रजीत ‘इन्हॅबिटेबल’ जागा राहण्याजोगी असते, आणि राहता न येणारी ‘अनइन्हॅबिटेबल’. (फ्रेंचने हाच शब्द नेमका उलट तोडला, तिथे त्याचा अर्थ राहण्यास अयोग्य. शेजारच्या दोन भाषा, एकच लॅटिन माल, कापायची जागा वेगळी.)

चाचणी सगळीकडे चालते असं नाही, आणि तेही मुलांना आधीच सांगायला हवं. ‘इन्क्युरेबल’च्या स्पेलिंगमधला ‘-एबल’ झाकला तर ‘इन्कर’ हे खरंखुरं क्रियापद दिसल्यासारखं होतं, ओढवून घेणं या अर्थाचं. पण त्यापासून शब्द बनला असता तर ‘र’ दोनदा लिहावा लागला असता. इथे ‘र’ एकच आहे, म्हणून हा ‘क्युअर’चा, असाध्य. ‘इनव्हॅल्युएबल’ तर आणखी फसवा. त्यात नकारच आहे, पण तो किमतीला नाही, किंमत करता येण्याला आहे. ज्याचं मोल करता येत नाही ते, म्हणजे अनमोल. आपल्या ‘अनमोल’मध्येही नकार नेमका तिथेच बसलाय, म्हणून मराठी मुलांना हा शब्द एका वाक्यात कळतो.

आणि शब्द चुकीच्या ठिकाणी तोडणं हे काही आजच्या विद्यार्थ्यांचंच काम नाही. वर आलेला ‘कम्बस्टिबल’ घ्या. लॅटिनमध्ये जाळण्याचं क्रियापद ‘उरेरे’. त्याला ‘सभोवती’ या अर्थाचा ‘अम्ब’ लागून ‘अम्बुरेरे’ झालं. बोलणाऱ्यांनी ते ‘अम्’ आणि ‘बुरेरे’ असं तोडलं, कधी नव्हता तो ‘ब’ धातूला चिकटवला आणि त्यावरून ‘कोम्बुरेरे’ घडवलं. कम्बस्टिबलमधला ‘ब’ हा तिथला. रोमन लोक स्वतःच्या भाषेत हे करत होते.

‘इन्फ्लेम’चं बाकीचं कुटुंब मात्र कुणी हलवलं नाही. सूज आणि दाह या अर्थाचा ‘इन्फ्लेमेशन’ तसाच राहिला, माथी भडकवणाऱ्या भाषणाला आजही ‘इन्फ्लेमेटरी’च म्हणतात. ‘फ्लेमेशन’ असा शब्द कुणी काढला नाही, कारण तिथे उलटा अर्थ लावून कुणाचा जीव जाणार नव्हता. नव्या तुकडीला मी हा गट इथूनच शिकवायला घेते. ‘अँटी-इन्फ्लेमेटरी’ गोळी म्हणजे सूज उतरवणारी गोळी, हे घरातल्या कुणाचा ना कुणाचा गुडघा दुखल्यामुळे वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक असतं. ‘अँटी’ने जो दाह अडवायचा तो ‘इन्फ्लेम’मध्ये आहे, हे एकदा त्यांनीच सांगितलं की टँकरवरचा शब्द कोण कुठे तोडतो ते मी पुढच्या पाच मिनिटांत विचारते. उपसर्गांचा तक्ता त्यानंतर वाटते, आणि त्यात ‘इन’ला दोन वेगवेगळ्या ओळी असतात.